मासोळीच्या पाण्यावरची आमरी

सत्यभामेच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पंधरवडा झाला, तिच्याच घरात तिला चुलीला हात लावायची बंदी होती आणि देवघरात पाऊल टाकायचीही. कारण काय, तर मासोळीचं पाणी.

ते पाणी आणलं कोणी? तिच्या नवऱ्याने, उत्तमरावांनी. सातपुड्यातल्या झाडांवर वाढणाऱ्या आमरीची, म्हणजे ऑर्किडची, रोपं तिने परसात कुंड्यांत, विटांच्या तुकड्यांत आणि कोळशात जगवली होती. आमरीला फूल यायला कैक वर्षं जातात. पण डिप्टी कमिशनरच्या मडमेला आमरी आवडते असं उत्तमरावांच्या कानावर आलं आणि त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीचे डोहाळे लागले. साहेबाचा मुक्काम गावात पडेल तेव्हा फुललेली कुंडी हवी! मासोळी धुतलेल्या पाण्याने झाड झपाट्याने वाढतं, असं कोणी तरी सांगितलं. मग हे गृहस्थ मासे धरणाऱ्या भोयाकडून त्या पाण्याचं मडकं झाकून आणू लागले. दाट दिलं तर मुळं जळतील म्हणून ती ते भरपूर साध्या पाण्यात मिसळून थोडं थोडं शिंपडायची. झाडं तरारली.

एक दिवस तो वास माळकरी सासूच्या नाकात गेला. अन्नपूर्णाबाईंनी घर डोक्यावर घेतलं. सून बाटली म्हणाल्या. उत्तमराव तिथेच उभे होते; त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. नंतर बायकोला म्हणाले, आईचा राग ओसरेल, तोवर सोस. सोसायला बरी बाई सापडते यांना!

आज साहेब येणार होता. एका कुंडीला गुलाबी तुरा लोंबला होता. ती उचलायला उत्तमराव आले, मागून सासूही आली.

"आत्याबाईले सांगा, पाणी कोणं आणलं ते," सासूकडे बोट दाखवत सत्यभामा नवऱ्याला म्हणाली.

"आता ते काऊन उकरून राह्यली तू? साहेब यायची वेळ झाली," उत्तमराव म्हणाले.

तिने तुऱ्याचा देठ चिमटीत धरला. "मंग बाटलेलं फूल हाय हे. मडमेले नाही जमत."

उत्तमरावांचा चेहरा उतरला. "माय, ते पाणी मीच आणत होतो," ते घाईघाईने म्हणाले. "इचा काही दोष नाही."

पंधरा दिवस बायकोसाठी न उघडलेलं तोंड कुंडीसाठी उघडलं होतं. सत्यभामेच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. तिने तुरा खुडला, अंबाड्यात खोचला आणि आत जाऊन चूल पेटवली. सासूने तिला अडवलं नाही. उत्तमराव परसात नुसतीच पानं असलेली कुंडी धरून उभे होते.