बाग नंबर तीन

जहीरमियांनी नकाशावर हिरवा रंग भरला, की तो वाळायच्या आत कोणीतरी त्याच्यावर येऊन बसायचं. चांद्यातल्या त्यांच्या कचेरीत यावर चहाबरोबर हसणं व्हायचं. जहीरमियाही हसायचे, पण वीस वर्षं टेबलावर वाकून त्यांची मान आता हसतानासुद्धा दुखायची.

शहर वाढतंय, बागांसाठी जागा राखा, असा वरून कागद आला होता. त्यांनी कोटाबाहेर तीन जागा शोधून हिरव्या केल्या. पहिलीवर लाकडाचा डेपो बसला. दुसरीवर खाणीच्या बाबूलोकांची घरं उठली. उरली तिसरी, कोटाची भिंत आणि रेल्वेची लाइन यांच्यामधली चार एकर. शाळा सुटली की त्यांची मुलगी सुलताना मैत्रिणी घेऊन तिथे खो-खो खेळायची. शाळेचं अंगण चिमणीएवढं, आणि गल्लीत धावलं तर ओट्यावरचे दहा जण विचारणार, ही कोणाची पोरगी. मोठ्या होत चाललेल्या मुलींना दम लागेस्तोवर पळता येईल अशी साऱ्या गावात तेवढीच एक जागा होती.

म्हणून त्या नकाशात जहीरमियांनी जीव ओतला होता. चार बाकं, एक नळ, कडेनं कडुनिंब. सुलतानाला त्यांनी शब्द दिला होता, की ही जागा जाणार नाही.

आणि भादव्यात गुणवंतराव ओव्हरसियर टेबलाशी येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, तोही थकलेलाच. कमिटीला नकाशा फार आवडला, म्हणाले. इतका आवडला, की धान्याचं गोदाम तिथेच बांधायचं ठरलं.

"एवढी मोकळी जागा आमाले माहीतच नव्हती, जहीरभाऊ. तुमच्या हिरव्या रंगानं दिसली," ते म्हणाले. "बाग थोडी नदीकडं सरकवा. सोमवारपर्यंत मोजणी करून द्या."

जहीरमियांनी मान हलवली. भांडायची ताकद पहिल्या दोन बागांतच संपली होती. घरी त्यांनी बायकोला, आबिदाला सांगितलं, पोरीला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते म्हाताऱ्या पोचूला घेऊन निघाले. मोजणीची लोखंडी साखळी ओढण्यात पोचूचा जन्म गेला होता. चार एकराच्या कडेला येऊन दोघं थांबले. समोर पाणीच पाणी. मधोमध दोन म्हशी निवांत बसलेल्या.

"भाऊ, इथी साखळी नाई, डोंगा पायजे," पोचू म्हणाला.

जहीरमियांनी विचारलं, हे असं दर वर्षी होतं का? पोचूनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. आश्विनापर्यंत असंच राहतं, म्हणाला.

"मंग आजवर काऊन नाई बोलला?"

"तुमी माघात येता, उन्हाळ्यात येता. पाणी नसते तवा पाण्याचं कोण सांगते?"

खरंच होतं ते. मोजणी नेहमी कोरड्या दिवसांत व्हायची. चिखलात साखळी कोण ओढणार? त्यामुळे कचेरीतल्या साऱ्या नकाशांत बारा महिने उन्हाळाच असायचा. या वेळी घाई गोदामाची होती, म्हणून तेवढे ते पावसात आले होते.

जहीरमियांनी पायजमा गुडघ्यावर घेतला. संध्याकाळपर्यंत दोघांनी पाण्याची कड मोजली, खोली काठीनं पाहिली. म्हशी उठल्या नाहीत. त्यांना वळसा घालावा लागला.

सोमवारी टेबलावर नवा नकाशा होता. चार एकरांवर बारीक निळ्या रेघा, आणि लिहिलेलं: पावसाळ्यात गुडघाभर पाणी. एकही रेघ खोटी नव्हती. हिरवं मात्र कुठेच नव्हतं. बाकं नाहीत, नळ नाही, कडुनिंब नाही.

गुणवंतरावांनी निळ्या रेघांवरून बोट फिरवलं.

"गोदाम तर बुडल इथी," ते म्हणाले. मग हळूच, "आन बाग?"

"बाग काढली, साहेब."

"नदीकडं पण नाई दाखवली?"

"बाग दाखवली का जागा जाते."

गुणवंतरावांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि सही केली. गोदाम स्टेशनपलीकडे गेलं.

कार्तिकात जमीन वाळली. जहीरमिया आणि पोचू साखळी घेऊन गेले आणि मुलींना खो-खोचं मैदान नीट मापात आखून दिलं, चुन्याच्या रेघा मारून. मुली त्यांना थँक्यू म्हणायलासुद्धा थांबल्या नाहीत, लगेच पळायला लागल्या. धापा टाकत सुलताना आली. तिच्या हातात कडुनिंबाचं बोटभर रोप होतं.

"अब्बा, हे कुठी लावू? तुमच्या नकाशात होतं ना?"

जहीरमियांना डोळ्यांपुढे ती कडेची सावली दिसली, तिच्याखाली बसलेली आबिदासुद्धा दिसली.

"इथी नको, बेटा. घरी लाव."

"काऊन?"

"झाड लावलं का बाग दिसते."

निळ्या रेघांचा नकाशा तिनं पाहिला होता. तिनं रोप त्यांच्या हातात दिलं आणि ओढणी कमरेला खोचून परत पळाली.

बसायला बाक नव्हतं. जहीरमिया साखळीच्या पिशवीवर बसले, रोप मांडीवर धरून. पोचू शेजारी उकिडवा बसून तंबाखू मळत होता. खेळ संपेपर्यंत दोघांपैकी कोणी उठलं नाही.