झेंडूच्या हाराखालचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. हसू नका! शिकलेले लोक मला फायरवॉल म्हणतात. निर्णा गावच्या माळावर सात पवनचक्क्या आहेत. त्यांना कॉम्प्युटरवरून जाणारा प्रत्येक हुकूम आधी मी तपासतो. ओळखीचा नसेल तर दारातूनच परत! माझी धाकटी भावंडं म्हणे समुद्रातल्या पवनचक्क्या राखतात. त्यांच्या वाट्याला लाटा, माझ्या वाट्याला तुरीच्या रानातली धूळ, काम एकच.

इथं आलो तेव्हा इंजिनिअर शिवलीलाअक्कानं मला शिकवलं, "माझी खूण असल्याबिगर चक्की सुरू करायची न्हाई." पहिली दोन वर्षं पाहुण्यांपुढं माझं कौतुक व्हायचं. मग सगळे विसरले. कंट्रोल रूममधला राघोबा तर माझ्यावर चहाचा कप ठेवून म्हणायचा, "हे डबडं नुसतं वीज खायलंय!" वाईट वाटायचं हो, पण मी काम सोडलं नाही.

मग खंडेनवमी आली, यंत्रांच्या पूजेचा दिवस. राघोबानं मला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा असा जाडजूड हार घातला, की माझा लाल दिवाच झाकला गेला. मेकॅनिक भीमण्णा मोठ्या चक्कीला वर जाऊन कुंकू लावायला निघाला. चक्की त्यानं बटणानं थांबवली, पण पात्यांना कुलूप घातलं नाही. "पाच मिन्टाचं तर काम हाय," म्हणाला.

इकडं राघोबानं भजनं लावायला कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह जोडला. भजनांबरोबर व्हायरस आत शिरला आणि त्यानं कुठल्याशा परक्या माणसाला वाट करून दिली. त्याचा हुकूम आला, मोठी चक्की सुरू करा!

भीमण्णा तेव्हा पात्यांच्या मुळाशी आत वाकला होता.

हुकमावर अक्काची खूण नव्हती. मी नाही म्हणालो. तो वीसदा आला, मी वीसदा नाही म्हणालो. लाल दिवा लावला, तो कुणाला दिसेना. मग जीव तोडून शिट्टी मारत राहिलो.

"कामून बोंबलायलंय हे सणाच्या दिशी?" राघोबा वैतागला. प्रसाद वाटणारी अक्का धावत आली. तिनं हार बाजूला केला आणि तिचा चेहराच उतरला.

"पेनड्राइव्ह कुणी लावलंय?"

"मी लावलो की, अक्का. पूजेला भजन नगं व्हय?"

तिनं बाहेरून येणारी इंटरनेटची तार उपसली आणि भीमण्णाला फोन लावला, "अण्णा, आदी खाली या!"

भीमण्णा उतरला आणि सगळं ऐकून माझ्यापुढं मटकन बसला. घरी त्याची बायको मल्लव्वा पुरणाच्या होळग्या करून त्याची वाट पाहत होती. खांद्यावरच्या रुमालानं राघोबानं माझ्यावरचा चहाचा डाग पुसला. मला छाती असती, तर त्या दिवशी वीतभर फुगली असती!

यंदाच्या खंडेनवमीला पहिलं कुंकू मला मिळालं. भजनं राघोबाच्या मोबाईलवर वाजली. हार घालताना दिवा मोकळा राहावा म्हणून त्यानं तो दोनदा सरकवला.

मित्रांनो, कुणाचाही पेनड्राइव्ह असाच जोडू नका, आणि राखणदार ओरडला तर चिडू नका. हार खुशाल घाला, फक्त त्याचा डोळा झाकू नका.