पानावर दिलेलं घर

“म्हणजे नुसतं पान कापलं आणि प्रांत देऊन बसला?” पोरांचा विश्वास बसेना.

“बसला,” च्याओलिंग मावशी म्हणाल्या. कात्री चालूच होती. लाल कागदातून कोंबड्याचा तुरा सुटत होता. “तेव्हा कागदसुद्धा नव्हता. पोरसवदा राजा धाकट्या भावाशी खेळत होता. थोंगच्या झाडाचं पान कापून त्याने राजचिन्ह केलं आणि म्हणाला, घे, तो प्रांत तुझा. दुसऱ्या दिवशी प्रधान दारात. राजा म्हणतो, अहो, गंमत केली. प्रधान म्हणाला, राजाच्या तोंडी गंमत नसते. द्यावा लागला प्रांत. आपली खिडकीफुलं, हीच खिडकीला लावायची कागदी चित्रं, तिथूनच सुरू झाली म्हणतात.”

मावशी आमच्या शाळेत स्वयंपाक करायच्या. नवरा जाऊन एकोणीस वर्षं झालेली. पुतण्याच्या घरी धान्याच्या रांजणांशेजारी त्यांचं अंथरूण. शुक्रवारी भांडी आटोपली की मी शिकवत असलेल्या वर्गाला कात्री शिकवायच्या.

त्या दिवशी पटांगणात गावातले पंपवाले मू शाळेचा पंप दुरुस्त करत होते. तेही घरी एकटेच. गोष्ट ऐकून त्यांनी थोंगचं एक पान तोडलं, पत्र्याच्या कात्रीने कापलं आणि खिडकीतून आत धरलं.

“घ्या बाई. माझं अर्धं घर तुमचं.”

वर्ग हसला. वर्गातली शियाओमान म्हणाली, “आजोबा, राजाच्या तोंडी गंमत नसते.”

“मी कुठला राजा? मी पंपवाला.”

“मग पंपवाल्याच्या तोंडी असते का?”

मूंचे कान लाल झाले. मावशींनी कात्री खाली ठेवली.

“मूदादा, रांजणांशेजारी झोपणाऱ्या बाईची घरावरून थट्टा करू नये,” एवढंच म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

सोमवारी सकाळी मी तिथे गरम पाणी घ्यायला गेले, तर मू दारात. दाढी केलेली, नवी टोपी.

“पंप चालतोय की,” मी म्हटलं.

“पंपासाठी नाही आलो.” ते पाठमोऱ्या मावशींशी बोलू लागले. “दोन दिवस घर झाडलं. मोटारी, पाइप, सगळं बाहेर काढलं. खिडकीचा फाटका कागद काढून नवा लावला. ऊन चांगलं येतं. अर्धं म्हणालो, ते चुकलं.”

“चुकलंच,” मावशी कणीक तिंबत म्हणाल्या. “अर्ध्या घराचं काय करायचं? चूल कुणाच्या अर्ध्यात?”

“तुमच्या.”

“आणि ते पाइप?”

“अंगणातच राहतील.”

मावशींनी कणकेचा गोळा झाकून ठेवला. “मी अशी उठून येणार नाही. पुतण्याकडे मागणी घालायला माणूस पाठवा.”

“या गुरुजीबाईंना पाठवतो,” मूंनी मला न विचारताच सांगितलं.

गेले मी. पुतण्याच्या बायकोने आधी विचारलं, डुकरांना खाणं कोण घालणार? पुतण्या तिला म्हणाला, “काकूसाठी नवी रजई शिवायला घे.”

लग्न पंचांगातल्या दहाव्या महिन्यात झालं. गावातल्या प्रत्येक नवरीच्या खिडकीवर मावशींच्या हातची फुलं लागलेली. त्यांच्या स्वतःच्या खिडकीसाठी मात्र बायकापोरांनी कापली. माशाला तीन शेपट्या, बदकाची कोंबडी झालेली. एक तर पार वाकडं चिकटवलं होतं. मी ते सरळ करायला गेले.

“राहू दे गं,” मावशी म्हणाल्या. लाल जाकीट घालून त्या चुलीच्या धगीने उबवलेल्या, झोपायच्या ओट्यावर बसल्या होत्या. बाहेरून मू हाका मारत होते, जेवणं खोळंबली होती. त्या उठल्या नाहीत. खिडकीवरच्या फुलांमधून ऊन लाल होऊन त्यांच्या रिकाम्या हातांवर पडलं होतं. ते हात तसेच मांडीवर ठेवून त्या खिडकीकडे बघत बसल्या.