खुळखुळा हरवलेली रेकॉर्ड

मी एक जुनी रेकॉर्ड आहे, मित्रांनो. काळी, गोल, मध्ये भोक असलेली. माझ्यासारख्या कुणाला काटे लावून, घड्याळ करून भिंतीवर टांगलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्या नातेवाइकांविषयी मी बोलणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. काळ्या प्लास्टिकचा गरम गोळा दोन साच्यांमध्ये ठेवला, वरून दाब आला, आणि अर्ध्या मिनिटात माझ्या अंगावर कडेपासून मध्यापर्यंत वळत जाणारी एक बारीक खाच उमटली. त्या खाचेत आठ वादकांचं गाणं होतं. विजेची गिटार, ऑर्गन, उंच उभे ढोल, आणि या सगळ्यांच्या वर एक साधा खुळखुळा. लॅटिन रॉक म्हणतात त्या प्रकाराला. ढोल नाचायला बोलावत आणि गिटार भांडायला, असा तो कारभार होता. साचा तेव्हा नवा कोरा होता. हातमोजे घातलेल्या एका कामगार बाईने माझ्या कडेचं जास्तीचं प्लास्टिक कापलं, मला उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाली, "ही छान उतरली." ती माझी पहिली स्तुती. तेव्हाच डोक्यात गेली.

मला घरी नेलं ते छापखान्यात मशीन चालवणाऱ्या एका तरुणाने. छापखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. मशीन धडधडत असताना ते मान तिरकी करून सांगत, "डावीकडचा तिसरा रूळ कुरकुरायला लागलाय. आठवडा काढणार नाही." आणि रूळ सहाव्या दिवशी अडकून बसे. तिथे कानात बोळे घालून काम करायचा नियम होता. कानसेन घालत नसत. "बोळे घातले तर मशीन काय म्हणतंय ते कळणार कसं?" तीस वर्षं त्यांनी उघड्या कानांनी मशीनचं म्हणणं ऐकून घेतलं. मशीनने त्यांचं एकदाही ऐकलं नाही.

घरी मात्र ते माझे होते. रविवारी जेवणं झाली की मला दोन तळव्यांमध्ये कडेला धरून बाहेर काढत, मऊ ब्रशने धूळ झटकत आणि सुई अशी टेकवत, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालताहेत. माझ्या दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे. ढोल थांबतात, गिटार दम घेते आणि क्षणभर नुसता खुळखुळा उरतो. तिथे कानसेनांचं बोट वर जाई. "हा! हा बघ!" बायको म्हणे, "बघितला. आता ताटं उचलू का?"

पुढे माझ्या धाकट्या बहिणी निघाल्या. जुनं गाणं पुन्हा नव्याने छापतात, त्याला नवी आवृत्ती म्हणतात. पहिली बहीण इतकी पातळ की हातात घेतली तर लाजल्यासारखी वाके. दुसरी लालभडक, पारदर्शक आणि जाडजूड. तिच्या वेष्टनावर तिचा अनुक्रमांक सोनेरी अक्षरांत छापलेला. जणू गाणं ऐकायचं नसून तिजोरीत ठेवायचं आहे. कानसेन दोघींना माझ्याशेजारी ठेवून एकेक गाणं ताडून पाहत, वहीत लिहीत आणि मग त्यांच्या श्रोता मंडळाच्या पत्रकात निकाल छापत. पातळ बहिणीला त्यांनी 'अशक्त' म्हटलं. लाल बहिणीवर पान भरून लिहिलं, त्याचा सारांश 'कपडे छान' असा होता. शेवटी दर वेळी तेच वाक्य: मूळ ते मूळ. मी वेष्टनात पडल्या पडल्या फुगत असे. फुगलेली रेकॉर्ड वाजत नाही, हे माहीत असूनही.

मग एका रविवारी खुळखुळ्याची जागा आली आणि बोट वर गेलं नाही.

त्यांनी सुई उचलली, पुन्हा ठेवली. मला धुतलं. पुन्हा वाजवलं. "हिच्यातला खुळखुळा गेला," ते हळूच म्हणाले. त्या दिवसापासून माझी झोप उडाली, मित्रांनो. सुई फिरते तेव्हा ती आमचा एक अतिबारीक थर खरवडून नेते, हे आम्हाला जन्मापासून माहीत असतं. तुम्ही म्हाताऱ्या माणसाला वय विचारत नाही, तसं आम्ही एकमेकींना खाचेबद्दल विचारत नाही. मी झिजले होते. त्यांनी दोनदा सुई बदलली, एकदा तारा बदलल्या. काही उपयोग झाला नाही. दोन वर्षं मी त्यांच्यासमोर अपराध्यासारखी फिरत राहिले.

अशात एका कंपनीने माझी आणखी एक आवृत्ती काढायचं ठरवलं. काम पाहणाऱ्या बाई ध्वनितंत्रज्ञ होत्या. त्यांनी कानसेनांचे सगळे निकाल वाचले होते. त्यांनी छपाईआधीची नमुना रेकॉर्ड पाठवली आणि कळवलं, "तुम्ही बरी म्हणाल ती छापू. वेष्टनावर तसं तुमचं नावही देऊ." कानसेनांनी ते पत्र बायकोला तीनदा वाचून दाखवलं.

नमुना ऐकून त्यांनी उत्तर धाडलं: वरचे सूर मेलेत, वाढवा. बाईंनी वाढवून दुसरा नमुना पाठवला. उत्तर: अजून वाढवा. तिसरा नमुना आला तेव्हा सोबत चिठ्ठी होती, "आमच्या सगळ्यांना हा कर्कश वाटतो. पण तुमचा शब्द अखेरचा. सोमवारी छपाई सुरू होईल." कानसेनांनी ऐकला, खुलले आणि होकाराचं पत्र लिहून सही ठोकली. फक्त पाकिटात घालायचं राहिलं होतं.

रविवारी मंडळातले दाताचे डॉक्टर आले. तिसरा नमुना सुरू होताच त्यांनी गालावर हात ठेवला.

"अहो कानसेन, माझ्या दवाखान्यातलं दात कोरायचं मशीन यापेक्षा गोड गातं."

"तुमचे कान दवाखान्यातच गेलेत, डॉक्टर."

"मग होऊन जाऊ दे. पडद्याआड!"

मंडळाची ही जुनी रीत होती. वाद मिटेना की चादर आडवी धरायची आणि मागे कोणती रेकॉर्ड लागली ते न बघता ओळखायचं. रेकॉर्ड लावायचं काम बायकोकडे, कारण तिला यातल्या कशाचंच प्रेम नव्हतं. दोन खुर्च्यांच्या पाठींना चादर बांधली गेली. तिने आधी पहिला नमुना लावला.

"मेलेला," कानसेन म्हणाले. "पहिला नमुना. पुढे."

मग तिने तिसरा लावला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. आणि कानसेनांचं बोट, दोन वर्षांनी, वर गेलं. "ही माझी! ही मूळ! ऐका तो खुळखुळा!"

मग तिने मला लावलं. मी जीव ओतून वाजले. खुळखुळ्याच्या जागी डॉक्टर पुटपुटले, "आहा." कानसेन मात्र नाक मुरडून बसले होते. "ही कुठली भंगारातली? हिच्यात जीवच नाही. दुसरा नमुना असणार. काढ ती."

बायकोने काढली नाही. तिने चादर सोडली.

मी फिरत होते. माझं जुनं, कडेला फाटलेलं लेबल त्यांना लगेच ओळखू आलं.

"क्रम चुकला असेल तुझा," ते बायकोला म्हणाले.

"नाही चुकला."

"रेकॉर्ड झिजलीय."

डॉक्टर खुर्चीतून उठले. "झिजली नाही हो. खुळखुळा मला लख्ख ऐकू आला."

बायको त्यांच्या शेजारी बसली. "अहो, थर्मामीटर पिपी करतो तो तुम्हाला ऐकू येत नाही. खिडकीतला पक्षीसुद्धा नाही. दोन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. दोन्ही वेळा तुम्ही जाऊन सुई बदलून आणलीत."

मित्रांनो, मी झिजलेली नाही हे कळल्याचा मला आनंद झाला. अगदी पहिल्या क्षणी झाला, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

डॉक्टर चहा न घेता गेले. कानसेन सही केलेलं पत्र समोर ठेवून बसले. ते पोस्टात पडलं तर हजारो घरांत एक कर्कश रेकॉर्ड जाणार होती, वेष्टनावर त्यांच्या नावासकट, आणि घरातल्या दोघांशिवाय नि एका दंतवैद्याशिवाय कुणालाही कारण कळणार नव्हतं. मोह मोठा होता. संध्याकाळी त्यांनी बाईंना फोन लावला.

"पहिला नमुना छापा. माझं नाव काढा."

"पण तुम्हाला तर तिसरा आवडला होता," बाई म्हणाल्या. "फाइलवर कारण काय लिहू?"

कानसेनांनी बायकोकडे पाहिलं.

"लिहा, ऐकणाऱ्याचे कान गेले."

मग ते कान तपासून आले. कागदावर डावीकडून आडवी चाललेली रेघ उजवीकडे, वरच्या सुरांपाशी, येताच जिन्यावरून पडल्यासारखी कोसळली होती. तो तक्ता त्यांनी मंडळाच्या पत्रकात छापला. खाली दोन ओळी होत्या: 'सोबत माझे कान. गेल्या दोन वर्षांतले माझे सर्व निकाल रद्द समजावेत.' परीक्षकाने स्वतःचा निकाल लावल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. मंडळातले काही जण हळहळले. काहींनी त्याआधीच्या निकालांवरही शंका घेतली आणि लाल बहिणीला कपाटातून पुन्हा बाहेर काढलं.

कानाला लावायचं यंत्र आणलं आहे. ते लावून त्यांनी मला एकदा ऐकलं. त्यांच्या कानी मी पत्र्याच्या डब्यातून गात होते. त्यांनी सुई अलगद उचलली, यंत्र काढून टेबलावर ठेवलं, आणि त्यानंतर मी बाहेर निघालेली नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. आम्हाला कडेला धरा, उन्हात ठेवू नका, हे तुम्हाला पाठ असेल. पण तुमच्या घरातलं कुणी मशीनच्या आवाजात काम करत असेल, तर त्याने कानात बोळे घातलेत का ते आज विचारा. तो हसेल. तरी विचारा. मी झिजले असते तर चाललं असतं. माझ्या आणखी चार आवृत्त्या निघतील. कानाची दुसरी आवृत्ती निघत नाही.