सगळ्या कात्र्या एकाच पानावर

मी एक जुने पान आहे, मित्रांनो, पण कागदाशी माझा काही संबंध नाही. कात्र्या विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात माझा जन्म झाला. माझ्या माथ्यावर 'शिवणकामाच्या कात्र्या' असे लिहिले आहे आणि खाली सत्तावीस कात्र्यांचे फोटो. फोटोवर बोट ठेवले की त्या कात्रीचे स्वतःचे पान उघडते. ती सत्तावीस पाने म्हणजे माझी धाकटी भावंडे.

दुकान तिघांचे. बाबा मागच्या खोलीत कात्र्या घडवतात, ताई फोन घेते आणि दादा वेबसाइट सांभाळतो. मला दादानेच बनवले. "बघा बाबा, सगळ्या एका जागी!" तो म्हणाला. बाबांनी चष्मा वर सरकवून मला नीट न्याहाळले. ते कौतुक मला वर्षभर पुरले.

पुढे दादाचे मन भावंडांवर बसले. गिऱ्हाईक कात्री घेते, यादी नव्हे, असे त्याचे म्हणणे. त्याने सत्तावीसही पानांवर एकच मजकूर चिकटवला, 'शिवणकामाची उत्तम, धारदार कात्री', आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग कुणी इंटरनेटवर 'शिवणकामाची कात्री' असे शोधले की सगळी भावंडे एकाच दारात धक्काबुक्की करत. शोधयंत्राला कुणाला पुढे घ्यावे ते कळेना. आज एकाला चाळिसावा क्रमांक, उद्या दुसऱ्याला साठावा. इतक्या खाली कोण मरायला येतो? माझ्यावर तर वाचण्यासारखे काही नव्हतेच. मला फार वाईट वाटे. तरी जागा सोडायची नाही, एवढे मी मनाशी पक्के केले होते.

मागणी आटली. शेवटी बाबांनी धार लावायचे यंत्र विकायला काढले. घेणारा दोन महिन्यांनी येणार होता. त्याच आठवड्यात दादा म्हणाला, "हे यादीचं पान काढूनच टाकतो. उगाच मधेमधे लुडबुड."

"हात तर लावून बघ!" ताई कडाडली. "फोनवर लोक काय विचारतात, ठाऊक आहे? कात्रीचं नाव एकालाही माहीत नसतं. कोणती घेऊ, एवढंच विचारतात."

"मग तू काय सांगतेस?"

"सांगत नाही, विचारते. बाबा विचारतात तेच. कापड कोणतं, हात कोणता, रोज किती तास कापता?"

बाबांची ही जुनी रीत. तीन उत्तरे मिळाल्याशिवाय ते कुणाच्या हाती कात्री देत नसत. ताईने ते तीन प्रश्न माझ्यावर लिहिले आणि उत्तरांप्रमाणे कात्र्यांचे गट पाडले. जाड कापडाच्या वेगळ्या, रेशमाच्या वेगळ्या, डावखुऱ्यांच्या वेगळ्या. मग एकेका भावंडाचे खरे वर्णन लिहायला घेतले. दादा दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी वजनकाटा घेऊन तोच कात्र्या तोलायला लागला.

महिनाभर काहीच हलले नाही. ताई रोज सकाळी मला शोधून बघे, "अजून एकतिसावंच," म्हणे आणि एखादी ओळ सुधारी. मीही हटलो नाही. सहाव्या आठवड्यात मी अकरावा आलो, आठव्यात तिसरा. आता ज्याला कात्रीचे नेमके नाव माहीत आहे तो थेट भावंडाकडे जातो, आणि ज्याला नाही तो माझ्याकडे येतो.

यंत्र न्यायला माणूस आला तेव्हा ते चालूच होते. बाबांनी मान वर केली नाही. "नाही विकायचं. काम पडलंय," ते म्हणाले. मग त्यालाच विचारले, "घरी कोणी शिवतं का? कापड कोणतं?" तो बिचारा बायकोला फोन लावून विचारू लागला.

मित्रांनो, पान एकदा बनवले म्हणजे काम संपले, असे समजू नका. संपलेली कात्री माझ्यावरून उतरवा, नवीला जागा द्या, आणि दारी आलेल्याला काय हवे ते आधी विचारा. ताई हे रोज करते.

मी अजून तिसराच आहे. वरचे दोघे मला इथून स्वच्छ दिसतात.