ओल्या हातांचं पाप

"बसला! झटका बसला!" गर्दी ओरडली आणि मागे सरकली.

कपडे रंगवायच्या कारखान्यात, छपरातून सोडलेल्या दोन पितळी कड्यांखाली शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंची वहिनी, रंगाच्या हौदावरची कामगार, थरथरत उभी होती. मालकाच्या धाकट्याचा ताप उतरत नव्हता. डॉक्टर राहिला बाजूला, मालकाने बाबा आणला. करणी करणाऱ्याला म्हणे कड्या सोडत नाहीत! मालकाने कड्या धरल्या, मुनीमाने धरल्या, गठ्ठे बांधणाऱ्यांनी धरल्या. कुणाला काही झालं नाही. वहिनीने धरल्या आणि ती किंचाळली.

"आकाशातली वीज पाप हुंगते!" बाबा डोळे गरगरा फिरवत म्हणाला. "मी कोण? मी नुसता टपालवाला!"

वा रे टपालवाला! पण हसायचं कुणाला सुचत होतं? फाटक आतून लावलेलं होतं, आणि भिंतीशी कुणीतरी रॉकेलचा डबा आणून ठेवला होता. गेल्या वर्षी याच कड्यांनी रंगाच्या हौदावरच्या एका विधवेला दोषी ठरवलं होतं. तिला मारत मारत गावाबाहेर नेलं, ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

हौदावरचीच बाई कशी सापडते, हे बाईंना गेल्या वर्षीपासून खुपत होतं. म्हणून तर आज पर्समध्ये प्रयोगशाळेतला वीज मोजायचा मीटर होता.

"मी धरते," त्या पुढे झाल्या. "पण मध्ये ही डबी जोडते. तुमची वीज डबीला घाबरत नाही ना?"

"अश्रद्धेचा वास येतोय!"

"धरू दे," मालक गुरकावला. "हिचंही कळेल."

बाईंनी मीटर आधी दोन कड्यांमध्ये लावला. "मुनीमजी, आकडा वाचा."

"छत्तीस व्होल्ट."

"आकाशातली वीज, आणि मोटारीच्या तीन बॅटऱ्यांइतकीच?"

मग मीटरची एक तार कडीला आणि दुसरी पर्समधून काढलेल्या एका मोठ्या चमच्याला जोडून त्यांनी एका हातात चमचा, दुसऱ्यात उरलेली कडी धरली.

"एक मिलिअँपिअर," मुनीम म्हणाला.

"म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. व्होल्टला त्याने भागा. छत्तीस हजार ओहम. कोरडी कातडी विजेला एवढी अडवते."

बाईंनी हात शेजारच्या रंगाच्या हौदात बुडवले, झटकले आणि पुन्हा धरले. बोटं आखडली, डोळ्यांत पाणी आलं.

"बारा!" मुनीम ओरडला.

"छत्तीस व्होल्टच, पण अडथळा तीन हजार ओहमवर आला. व्होल्ट गुणिले करंट म्हणजे शक्ती, तीही बारा पट झाली," बाई धापा टाकत म्हणाल्या. "रंग पक्का बसावा म्हणून हौदात मीठ असतं. फडक्यांना डाग पडतात म्हणून या बायका हात पुसत नाहीत, नुसते झटकतात. हे हेरून या लबाडाने वहिनीला हौदावरून तशीच उठवून आणली. कड्यांनी पाप नाही, मिठाचं पाणी ओळखलं!"

कुणीतरी बाबाच्या आसनाची चादर ओढली. खाली तीन बॅटऱ्या होत्या, आणि त्यांच्या तारा छपरापर्यंत जाऊन कड्यांच्या दोऱ्यांतून खाली उतरल्या होत्या. बाबा फाटकाकडे पळाला. गर्दी वळली, आणि कुणाचा तरी हात रॉकेलच्या डब्याकडे गेला.

"खबरदार!" बाई कडाडल्या. "याला पोलिसांत द्या, पोराला दवाखान्यात न्या. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे होतं कसं?"

डबा खाली ठेवला गेला. ज्याने ठेवला तो गठ्ठेवाला गेल्या वर्षीही सगळ्यांत पुढे होता. तो चाचरत म्हणाला, "मग बाई... गेल्या वर्षीची ती?"

उत्तर वहिनीने दिलं. "मी शेजारीच होते हो. तिचेही हात ओलेच होते."