रुंद गादी

आमच्या घरात पोर कधी एकटं झोपलं नाही. आजोबाच्या कुशीत, आत्याच्या पाठीला चिकटून, भावंडांच्या लाथा खात. पण एकटं नाही. सूनबाईच्या माहेरी मात्र मूल चालायला लागलं की त्याची खोली वेगळी, दिवा बंद, दार ओढलेलं. शिकलेली, शांत माणसं आहेत ती. नातीचंही तसंच ठरलं; मी वाद घातला नाही. मी गाद्या भरतो. नातीसाठी एक गादी भरून द्यायची, एवढंच माझं काम होतं.

तिथेच हाताने घोळ केला. एकट्या पोराची गादी मी जन्मात शिवली नव्हती. सवयीने कापड दुहेरी मापाचं कापलं गेलं.

"बाबा, ही गादी आहे की मैदान?" सूनबाई हसली. "भिंगरी हरवायची हिच्यात!"

"वाढतं अंग आहे. वाया जाणार नाही," मी म्हणालो. चूक झाली असं म्हणायची मला सवय नाही.

भिंगरी, म्हणजे माझी नात, पहिले काही दिवस दारावर लाथा मारून रडली आणि मी बाहेर मुठी आवळून बसलो. मग रडणं थांबलं. मुलगा म्हणाला, "बघा, लागली सवय." मीही मान हलवली. पण पोरीचे डोळे खोल गेले, जेवताना घास हातातच राहू लागला, आणि घरभर गरगरणारी ती भिंतीला धरून चालू लागली. डॉक्टरांनी तिला तपासून विचारलं, "ही झोपत नाही का?"

"नाही हो, आवाजसुद्धा करत नाही," मुलगा म्हणाला.

"आवाजाचं मी विचारलंच नाही." डॉक्टरांनी पापणी सोडली. "असंच चाललं तर पोर हाती लागायची नाही."

घरी येऊन मी गादी उन्हात टाकायला उचलली. कापूस दोन जागी दबला होता. एक खळगा अगदी कडेला, भिंगरीच्या अंगाएवढा, जेमतेम पडलेला. दुसरा मधोमध; तिच्याहून लहान आणि फार खोल. मी शिवण उसवली, कापूस नव्याने पिंजला आणि गादी एका अंगापुरती करून टाकली.

"आता कशी मापात बसली!" सूनबाई म्हणाली, आणि दुपारी तिने पोरीला त्या गादीवर निजवलं.

थोड्या वेळाने मी आत डोकावलो. भिंगरी खाली फरशीवर बसली होती. डोकं पेंगत होतं, पण एक हात रिकाम्या गादीवर थोपटत होता.

"खाली का गं?"

"हळू बोला ना, आजोबा."

"चल, माझ्याजवळ झोप."

"हे झोपलं की मग."

"कोण?"

तिने माझा हात ओढून आपल्या हाताच्या जागी ठेवला. "जोरात नको हं."

पोरीचं मन राखायला मी खाली बसून थोपटू लागलो. तिने माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि तोंड उघडं टाकून ती झोपली. किती दिवसांनी तिचा श्वास असा लांब झाला होता. आता तिला उचलून बाहेर न्यावं म्हणून मी हात थांबवला. तिच्या पापण्या थरथरल्या, कपाळाला आठी पडली. मी पुन्हा थोपटलं. आठी गेली.

दारातून सूनबाईने हळूच विचारलं, "झोपली ना? मग या बाहेर."

"मला वेळ लागेल," मी म्हणालो.